सात माणसांचा एक बिल्ला

बोगद्याच्या तोंडाशी एक फळा होता. आत जाणाऱ्याने त्यावर आपला बिल्ला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. साहेबलोकांना माणशी एक पितळी बिल्ला. मजुरांना टोळीमागे एक, तोही पत्र्याचा. सात माणसं आणि बिल्ला एक, असा तो सुटसुटीत हिशेब कोणा हुशार माणसाने बसवला होता.

छत कोसळलं तेव्हा टोळीचा म्होरक्या ग्रीसचा डबा आणायला बाहेर आला होता. माणूस नियमाचा पक्का, येताना बिल्ला खिशात टाकून आला. त्याच्या टोळीतले बाकीचे सहा आतच राहिले. त्यात मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या मावशीचा नवरा होता. फळ्यावर उरला एकच बिल्ला, इंजिनियरसाहेबांचा.

त्यासाठी विमानाने यंत्र आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब सुखरूप निघाले, कोपर तेवढं खरचटलं होतं. आपल्या पलीकडे आणखी माणसं आहेत असं ते सांगू लागले, तेव्हा धक्का बसलाय बिचाऱ्यांना, म्हणून डॉक्टरने झोपेचं इंजेक्शन दिलं. फळा रिकामा झाला. यंत्राची बांधाबांध सुरू झाली.

मावशी हजेरीबाबूकडे गेली. बाबू वाईट नव्हता. तिच्या हातचं जेवून त्याची ढेरी सुटली होती. टोळीचा बिल्ला पुन्हा फळ्यावर अडकवू द्या म्हणून म्होरक्याने आदल्या दिवसापासून त्याचे पाय धरले होते, पण बिल्लेवाला तर बाहेर उभा दिसत होता, आणि नियमाला पाय नसतात.

"बाबू, सहा जण आत आहेत. माझा माणूस आहे."

"मावशी, फळा बघा ना. कुणी नाही."

"आतून हवेच्या पाइपावर ठोकतायत. तुम्हीही ऐकलंत."

बाबूने मान खाली घातली. "ऐकलं. पण ठोकणाऱ्याचा बिल्ला कुठाय?"

मावशी तडक निघाली. विश्रामगृहावर जाऊन तिने दूरदेशाहून एकटेच पाहणीला आलेल्या पाहुण्यांना जेवायला वाढलं, नेहमीपेक्षा दोन वाट्या जास्त. पाहुणे जेवणानंतर चारपर्यंत झोपत. ते घोरायला लागल्यावर तिने खुंटीवरच्या कोटातून त्यांचा पितळी बिल्ला काढला, बाहेरून कडी घातली आणि बिल्ला फळ्यावर नेऊन अडकवला. मग बाबूला सहज सांगितलं, पाहुणे मघाशी आत गेलेत, अजून आले नाहीत.

बाबूच्या तोंडचं पाणी पळालं. यंत्र बांधायला अर्धा दिवस लागला होता. सोडायला दहा मिनिटं लागली. डॉक्टर आला, स्ट्रेचर आलं, स्ट्रेचरवर घालायला स्वच्छ चादर आली. जन्मात फावडं न धरलेले दोन अधिकारी बाह्या सरसावून उभे राहिले. एकाने मावशीला चहा टाकायला सांगितलं, पाहुण्यांना बाहेर आल्याआल्या लागेल म्हणून. तिने टाकला, सात कपांचा. नजर मात्र तिची घड्याळावर.

पावणेचारला यंत्रवाला ओरडला, दोनच हात राहिले. पाइपावरची ठकठक आता बाहेर उभं राहूनही ऐकू येत होती. कुणीतरी म्हणालं, पाहुण्यांच्या अंगात जोर आहे हो.

चार वाजता विश्रामगृहाचं दार वाजलं.

एकाच माणसाने एकदाच वाजवलं, पण सगळी साइट धावली. पाहुणे एका पायात बूट घालून आले. त्यांना राग आला नव्हता, फक्त झाला प्रकार कळत नव्हता. बाबूने फळ्यावरचा बिल्ला काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. यंत्रवाल्याने रिकाम्या फळ्याकडे बघितलं, मावशीकडे बघायचं टाळलं आणि यंत्र बंद केलं.

आता ठकठक फारच स्पष्ट ऐकू येत होती. यंत्र थांबलं म्हणजे आपल्यापर्यंत पोचले, असं आतल्यांना वाटलं असावं. ते घाईघाईने ठोकत होते.

मावशीने चहाचं पातेलं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकवलेली पहार उचलली. ती तिला एकटीला पेलणारी नव्हती. म्होरक्याने येऊन दुसरं टोक धरलं.

मागून बाबूचा आवाज आला, अगदी काकुळतीचा. "मावशी, बिल्ल्याशिवाय आत जाता येत नाही हो."