मॅनेजचा राहिलेला अर्थ

इंग्रजी म्हटलं की प्रताप नगरात मार्तंडरावांचं नाव. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बैठकीत फळा आहे, फळ्यासमोर पोरं आहेत आणि सरांचा आवाज अजून खणखणीत. त्या संध्याकाळी मात्र एकटी भूमिकाच आली. सक्करदऱ्याहून सायकल हाणत येणारी, दहावीतली, भारी गुणी पोर. आल्या आल्या सरांच्या सुनेने, मुग्धाने, तिच्या हातावर पेढा ठेवला. "घे वं, मी शाळेत पर्मनंट झाली!"

मार्तंडरावांनी घाईघाईने खडू उचलला. "आजचं क्रियापद, मॅनेज. दुकान मॅनेज करणं म्हणजे चालवणं. वात्रट पोरं मॅनेज करणं म्हणजे आवरणं. वेळ कमी असताना मॅनेज करणं म्हणजे कसंबसं निभावून नेणं. लिही."

भूमिका अर्धा पेढा गालात धरून म्हणाली, "सर, एक राहिला नं. 'परीक्षक मॅनेज झाले', त्याच्यातला."

खडू थांबला.

"आमच्या वर्गातला अंकुश सांगून राहिला होता, वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक मॅनेज झाले, म्हणून गुंजन पहिली अन् मी दुसरी. मी अशी भांडली त्याच्यासंग! सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं त्याले. म्हटलं, परीक्षक आमचे मार्तंड सर होते, ते काही मॅनेज होत नसतात. बरोबर केलं नं, सर?"

आता काय सांगावं, कप्पाळ! गुंजन म्हणजे मुग्धाच्या शाळेच्या अध्यक्षांची, भैय्याजींची नात; स्पर्धाही त्यांच्याच संस्थेची. स्पर्धेच्या आदल्या दिवशी भैय्याजी याच सोफ्यावर येऊन बसले होते. "नात बोलणार आहे, जरा लक्ष असू द्या. सूनबाईंच्या पर्मनंट ऑर्डरचं मी बघतोच." बस, एवढंच. मार्तंडराव हो म्हणाले नव्हते. नाहीही म्हणाले नव्हते. दुसऱ्या दिवशी गुंजन भर सभेत अडखळली, आणि तरी यांनी तिलाच पहिलं काढलं. पुढच्या, मुंबईच्या फेरीत जागा होती ती फक्त पहिल्या नंबराला. भूमिका दुसरं बक्षीस घेऊन पाया पडली, तेव्हा हा गृहस्थ तिला 'यशस्वी हो' म्हणाला होता! जन्मभर कॉपी करणाऱ्यांचे कान पिळले, आणि आता स्वतःचं तोंड कुठे लपवावं ते कळेना.

"सर, डिक्शनरीत काहून नाही तो अर्थ?"

सुटका समोरच होती. इंग्रजीत असा अर्थच नाही, म्हटलं की झालं. सुनेची नोकरी शाबूत, आपली अब्रू शाबूत. शब्द ओठांवर आलेसुद्धा. पण सर सांगतील ते लिहून घ्यायला पोर पेन सरसावून बसली होती. त्यांना अशी लाज वाटली, की कान तापले.

"लिही," ते कसेबसे म्हणाले. "मॅनेज होणं म्हणजे विकलं जाणं. अंकुश खोटं नाही बोलला, बेटा. पहिली तूच होतीस. मी आत्ता फोन लावतो भैय्याजींना, निकाल बदला म्हणून."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

भूमिकाने उरलेला अर्धा पेढा ताटलीत ठेवला आणि दप्तर आवरलं. आता ती मुंबईचं विचारेल, असं मार्तंडरावांना वाटलं.

दारात चपला घालता घालता ती म्हणाली, "फोन तुम्ही करा, सर. मले आधी अंकुशकडे जा लागन. माफी मांगाले."