पायी चालताना हेल्मेट

शरच्चंद्र पोहनकरांचा मुलगा पराग पुण्यात होता. म्हणजे होता रायपुरातच, तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये, मागच्या खोलीत. पण लोकांसाठी पुण्यात होता. पोहनकर सरकारी कार्यालयात बडे बाबू. खोटं सांगायचं तर कागदपत्रं पूर्ण हवीत, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळे परागचं पुण्यातलं कॉलेज, त्याची खोली, मेसचा डबा, सगळं ठरलेलं होतं. तिथल्या पाण्याने त्याचे केस गळतात, ही भर त्यांच्या पत्नीची, प्रेमलाबाईंची.

आता खरं काय ते ऐका. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना परागला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. सगळा वर्ग आपल्यावर पाळत ठेवून आहे, असं वाटू लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, हा सायकोसिस आहे, मनाचा आजार आहे, आणि वेळेवर आलात हे बरं केलंत. औषधांनी चार महिन्यांत आवाज थांबले. पण चार वाक्यं ऐकली की पहिलं निसटून जायचं. पानभर वाचलं तरी हाती काही लागायचं नाही. त्यावर डॉक्टर म्हणाले, "औषध चालू ठेवाच. पण कम्प्युटरवर आठवणीचा आणि लक्ष देण्याचा सराव करावा लागेल, आणि रोज अर्धा तास दम लागेपर्यंत चालावं लागेल. आता मेहनत घेतली तर मुलगा पुन्हा कॉलेजात बसू शकेल."

पोहनकर घरी येऊन हसले. "कम्प्युटरवर खेळा न् तलावाले चकरा मारा! याले इलाज म्हणतात का? पोट्टा आधीच रिकामा बसून राहिला, आता वरून डॉक्टरची परवानगी!"

"पण तलावावर कोणी पाह्यलं तर?" प्रेमलाबाई घाबरल्या. "आपण तर त्याले पुण्यात ठेवलं ना!"

बाईंना मुलाची काळजी नव्हती असं नाही. पण त्याहून जास्त काळजी पुण्याची होती. मग बडे बाबूंनी डोकं लढवलं. तीस वर्षं फायली दाबून ठेवलेलं डोकं ते, रिकामं कसं परत येईल? परागने चालायला जावं, पण हेल्मेट घालून, काच खाली ओढून. कोणी नाव विचारलं तर सांगू नये. घर विचारलं तर सांगू नये. ओळखीचं कोणी दिसलं तर ओळख दाखवू नये.

आणि पराग खरोखर तसा चालू लागला. पहाटे सहाला तेलीबांध्याच्या तलावाभोवती लोक स्वेटर घालून फिरत, आणि हा वीस वर्षांचा मुलगा डोक्यावर हेल्मेट घालून पायी. हसू नका, वाचकहो! हसण्यासारखं त्या मुलात काहीच नव्हतं.

त्याचा सराव घेत वनमालाताई रामटेके. पूर्वी रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांच्या वर्गात परागसारखी सहा-सात मुलंमुली कम्प्युटरसमोर कानाला हेडफोन लावून बसत. आधी दोन सूचना ऐकून तशाच करून दाखवायच्या, मग तीन, मग पाच. मग बाईंबरोबर तलावाला फेऱ्या. हेल्मेट पाहिल्यावर त्यांनी पोहनकरांना बोलावून घेतलं.

"साहेब, पोट्टा घामाघूम होऊन राहिला, त्याले धड दम घेता येत नाही. हे हेल्मेट काहून?"

"सेफ्टी."

"पायी चालताना?"

"रायपूरचं ट्राफिक तुम्हाले माहीत नाही का?"

"तलावाच्या काठी कोणतं ट्राफिक, साहेब?"

पोहनकर चिडले. "हे पाहा मॅडम, घराण्याची इज्जत असते. न् मले सांगा, असे खेळ खेळून कोणाचं डोकं ठीक झालं?"

"मागच्या साली लकव्यानं तुमचं तोंड वाकडं झालं होतं म्हणे. तेव्हा तुम्ही बाल्कनीत बसून फुगे फुगवत होते ना?"

"ते फिजिओथेरपी होती!"

"वा! तोंडाचा व्यायाम बाल्कनीत, न् डोक्याचा हेल्मेटात?"

खरं तोंडावर सांगितलं की अशा माणसांना अपमान झाल्यासारखं वाटतं. पोहनकर तरातरा निघून गेले आणि हेल्मेट तसंच राहिलं.

पुढच्या रविवारी पोहनकर गावातल्या मराठी मंडळाचे सचिव हिरालालजी यांच्यासोबत तलावावर फिरत होते. पुढे गर्दी दिसली. चार दिवसांपूर्वी तिथे एका बाईचा मोबाईल हिसकावला गेला होता, म्हणून चौकीदाराने हेल्मेटवाल्याला धरलं होतं. हेल्मेट काढून जमिनीवर ठेवलेलं, आणि पराग मधोमध उभा.

"नाव बता!"

पराग गप्प.

"घर कहाँ हे तोर?"

पराग गप्प. "चोर है, पुलिस बुलाओ," कोणीतरी ओरडलं. तेवढ्यात चौकीदाराला पोहनकर दिसले. "बाबूजी, आप तो रोज के आदमी हो. इसको पहचानते हो क्या?"

पोहनकरांनी मुलाकडे पाहिलं. मग हिरालालजींकडे पाहिलं. हिरालालजींनी परागला शेवटचं पाहिलं ते तो पाचवीत असताना.

"नहीं," पोहनकर म्हणाले.

परागने मान वर केली. "हव भैया, मैं भी इनको नहीं जानता. अंकल को जाने दो."

अंकल! सख्ख्या बापाला अंकल! आणि आवाजात राग नाही, रडू नाही. दिलेलं काम नीट पार पाडावं तसा तो बोलला.

मागून वर्गातल्या बाकी मुलांना घेऊन वनमालाताई पोहोचल्या होत्या. त्या पोहनकरांजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पाहा साहेब, सराव कामी आला. तुम्ही सांगितलेलं एकही विसरला नाही तो."

पोहनकरांनी गर्दीत शिरून परागचा हात धरला. "हा माझा मुलगा आहे!" ते ओरडले. "बेटा है मेरा! पुण्यात नाही गेला कधी, हिरालालजी. बिमार होता, ठीक होऊन राहिला. चोर तो नाही... खोटा मी आहे!"

संध्याकाळपर्यंत मंडळात सगळ्यांना कळलं. आठ दिवस लोक कुजबुजले, नवव्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीच्या प्रेमविवाहावर सरकले. पाच महिने ज्या इज्जतीपायी पोटचा मुलगा कोंडून ठेवला, तिची किंमत एवढीच होती.

आता बापलेक रोज सोबत चालतात. बापाला दम लागतो, मुलगा थांबतो. सरावाचा तास पराग चुकवत नाही. यंदा तो दोनच विषयांच्या परीक्षेला बसणार आहे. सगळं पूर्वीसारखं होईलच, असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण चार पानं वाचून तो आता दोन पानांचं सांगू शकतो, आणि प्रेमलाबाई ते ऐकायला शेजारणींना हाक मारतात.

नागरिकहो, मनाच्या आजारातून उठणाऱ्या मुलाला औषध डॉक्टर देतील, सराव कोणी वनमालाताई करून घेतील, चालायला रस्ता गावात आहेच. "हा आमचा आहे" एवढं चार लोकांत म्हणणं मात्र घरच्यांचंच काम आहे. तेवढं म्हणताना ज्याची जीभ अडखळते, त्याने मुलाच्या आजाराला दोष देऊ नये.