हळदकुंकवाची जाकिटं

"मालन, सोड की होडी! पोरगी बघायला पाव्हणे पल्याडच्या काठावर थांबलेत," चेअरमन विठ्ठलराव काठावरून ओरडले.

मी दोर सोडला नाही. "आधी जाकिटं आणा."

अहो, काय हसली मंडळी! दुष्काळाचं दुसरं वर्ष, धरण पार तळाला गेलेलं, आणि ही बाई जाकिटं मागतेय. हसा म्हटलं, पोटभर हसा.

आमच्या मच्छीमार सोसायटीला सरकारकडून ती नारंगी जाकिटं मिळाली होती. अंगात असली की माणूस बुडत नाही. विठ्ठलरावांनी ती प्लास्टिकसकट कपाटात घातली. वापरून खराब होतील म्हणे! दसऱ्याला बाहेर काढायची, हळदकुंकू वाहायचं, पुन्हा कुलूप. आम्ही लांबूनच पाया पडायचो.

"कमरंएवढं पाणी हाय. त्यात कशाला लागतंय जाकीट?"

"आमचं मालक कमरंएवढ्याच पाण्यात गेलं, चेअरमन."

धरणाच्या पोटात जुनं गाव आहे, त्याच्या विहिरी अजून तशाच आहेत. गेल्या वर्षी वारा फिरला, शिडाचा बांबू मालकांच्या डोक्यात बसला आणि ते पडले ते नेमके विहिरीवर. तेव्हाही जाकिटं कपाटातच होती.

"उद्यापासून सोसायटीची होडी त्या जालिंदरला चालवायला देतो," विठ्ठलराव भडकले. "मग बस घरी!"

"उद्या कशाला, आजच द्या की! पर शीड माझ्या लुगड्याचं हाय." मी शीड उतरवलं, गुंडाळलं आणि त्यावर फतकल मारून बसले. वल्ह्यांनी एवढी माणसं न्यायची तर दुपार होणार, सडकेनं धारूरचा फेरा त्याहून लांब. तोंडानं ताठ बोलले खरी, पण मनात हिशेब चालूच होता. होडी गेली तर खाणार काय? तरी म्हटलं, उपाशी मरेन, पण आणखी कुणाला विहिरीत घालणार नाही.

तेवढ्यात चेअरमनच्या कारभारीण सुंदरबाई नवऱ्यापुढे हात पसरून उभ्या राहिल्या. "किल्ली द्या इकडं. माझी नातवंडं बसायचीत हिच्या होडीत."

जाकिटं आली. मी प्लास्टिक टराटरा फाडलं. आधी पोरं, मग बायका. "चेअरमन, तुमी दुसऱ्या खेपंला," मी म्हटलं. बसा म्हटलं उन्हात!

शेवटचं माझ्यासाठी उचललं आणि हात तसाच राहिला. इतकं हलकं? कुलपात ठेवतात म्हणजे मोठं अवजड काही असेल, असंच मला वाटायचं. घरातली रिकामी घागरसुद्धा याहून जड होती. एवढ्याशा वस्तूवाचून माझा माणूस गेला. मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर रडले, लाज कसली त्यात?

"निघायचं का, मालन?" सुंदरबाईंनी हळूच विचारलं.

"बंद आवळा आधी," मी म्हटलं आणि शीड चढवलं.