वकिलातीतली झूल

मी झूल बोलतेय, बैलाची. खोटं वाटेल, पण बैलाच्या पाठीवरून उतरले ती थेट राजदूताच्या भिंतीवर चढले. आपला यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच सुमारास मी त्याहून जरा लांब गेले.

महागावजवळच्या बंजारा तांड्यावर सोनीबाईनं मला शिवलं. कवड्या, आरसे, लाल-निळा दोरा. पोळ्याला मला पांघरून पाखऱ्या बैल नवरदेवासारखा चाले. एकदा माझा लखलखाट पाहून शेजारच्या गावचा कोंबडा भर दुपारी आरवला. शपथ!

एक दिवस जिल्हा कचेरीतले सदाशिवराव आले. परदेशात आपली नवी वकिलात उघडली होती, तिच्या भिंतीसाठी इकडचं काहीतरी शोभेचं हवं होतं. देशाचं नाव ऐकून सोनीबाई उठून उभीच राहिली. तिचा फुलसिंग बोटीवर खलाशी होता. आजारी पडला म्हणून बोटीनं त्याला त्याच देशात उतरवून दिलं होतं. सोबत्यानं येऊन सांगितलं होतं तसं.

"न्या साहेब, फुकट न्या," ती म्हणाली. "पण तिथल्या वकिलाले सांगजा, माह्या पोराची बाजू मांड म्हना. त्याले घरी पाठव म्हना."

वकिलात म्हणजे वकील बसतात ती जागा, अशी तिची समजूत. सदाशिवराव नुसते हसले. ते हसणं तिनं वचन मानलं.

तिथला थाट काय सांगू! झुंबरं, मोटारी, रोज पाहुणे. एका मेजवानीत आमच्या तांड्यावरची चार लग्नं उरकली असती. राजदूतसाहेब सगळ्यांना सांगत, "हा राजघराण्यातला पडदा." मीही फुगून राहिले. आता लाज वाटते.

सव्वीस जानेवारीच्या समारंभात दारात गलका झाला. दुसऱ्याचा कोट घातलेला एक वाळका माणूस दरवानाला म्हणत होता, "मले घरी जायचं हाय, भाऊ." तेवढ्यात त्यानं मला पाहिलं.

"अरे, हे तं माह्या याडीची झूल! आमच्या पाखऱ्या बैलाची!"

याडी म्हणजे आई. पण पाहुण्यांना बैल तेवढा कळला. साहेब लालबुंद झाले. "नंतर या," म्हणून फुलसिंगाला फाटकाबाहेर काढलं. मी सगळे आरसे लकाकवले. पण आरशाला तोंड कुठे असतं? तो पुन्हा आला नाही.

पुढे दिल्लीहून तपासणीला अधिकारी आले.

"मदत मागायला आपले किती लोक येतात इथे?"

"एकही नाही," साहेब म्हणाले.

"मग एवढा खर्च कशाला?"

वकिलातीला कुलूप लागलं आणि माझी रवानगी यवतमाळला झाली. सदाशिवरावांनीच मला तांड्यावर आणलं. सोनीबाई त्यांच्या पाठीमागच्या वाटेकडे बघत राहिली.

"झूल आली. पोरगं काहून नाही आलं? वकील काय म्हने?"

"बाई, तिथे कोर्टातले वकील नसतात."

"मंग तिले वकिलात काहून म्हंता?"

सदाशिवरावांनी मला तिच्या हातात दिलं आणि ते आल्या वाटेनं निघाले.

यंदाच्या पोळ्याला पाखऱ्या उघड्या पाठीनं मिरवला. मला सोनीबाईनं तांड्याच्या वाटेवर खांबाला बांधलंय, आरसे रस्त्याकडे करून. फुलसिंगाला लांबून ओळखू यावं म्हणून. ऊन-पावसानं माझा रंग उडाला, कवड्या गळाल्या.

तुमच्यापैकी कुणी परदेशी गेलं आणि आईला याडी म्हणणारा माणूस भेटला, तर एवढंच सांगा: झूल घरी पोचली, आता तू ये.