कुत्र्याची हजामत

प्रवासाला निघताना ताईने आपला झुबकेदार केसांचा कुत्रा धाकट्या भावाच्या स्वाधीन केला. भाऊ न्हावी, आणि अंगात नसती हौस! बाहेर उन्हाची काहिली आणि कुत्र्याच्या अंगावर बर्फाळ मुलखातली दुपदरी लोकर पाहून त्याला कीव आली. "बिचारा स्वेटर घालून फिरतोय," म्हणत त्याने गिऱ्हाइकांसमोर मशीन लावलं, कुत्र्याला तुळतुळीत केलं आणि वर शाबासकीही घेतली.

दोन दिवसांत कुत्र्याची पाठ भाजून लालबुंद झाली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई कडाडल्या, "अहो, ही लोकर थंडी अडवते, तसं ऊनही अडवते! तुम्ही त्याच्या डोक्यावरचं छप्परच काढलंत!"

न्हाव्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात ताईचा फोन आला. "माझं लेकरू कसं आहे रे?"

"मजेत आहे," तो पुटपुटला.

मग तोंड लपवायला तो कामाला लागला. गिऱ्हाईक बसलं, मशीन घुरघुरलं. तो आवाज ऐकताच कुत्रा कोपऱ्यातून शेपूट हलवत आला आणि आपले लाडच होणार अशा भरवशाने, मलम लावलेली पाठ न्हाव्याकडे करून बसला.