बर्थखालची पेटी

सेवेरोच्या ट्रकच्या वायरिंगला ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्या सगळ्यांना एका रांगेत उभं करून मला चार शब्द ऐकवायचे होते. टपावरचे दिवे, वायरलेस, पंखा, हीटर, ज्याला जिथे सुचलं तिथून त्याने वायर ओढली होती आणि वर चिकटपट्टी गुंडाळून हात झटकले होते. मागच्या खेपेला चिलीची हद्द ओलांडताना डॅशबोर्डखालून धूर निघाला. सेवेरोने लोकरीचं घोंगडं दाबून तो विझवला आणि घरी आल्यावर मला ती गंमत म्हणून सांगितली. मला हसू आलं नाही. आमच्या ओरुरो शहरातल्या निम्म्या ट्रकांचं वायरिंग माझ्या दुकानात व्हायचं आणि माझ्याच नवऱ्याच्या गाडीची ही दशा, कारण ती दाराशी कधी टिकतच नव्हती.

"या वेळी गाडी शुक्रवारपर्यंत इथून हलणार नाही," मी त्याला सांगितलं. "जुनं सगळं उपटून काढते आणि एक वेगळी पेटी बांधते. प्रत्येक लाइनीला आपापला फ्यूज, जड कामाला रिले, म्हणजे जास्त करंट पेलणारा आपोआप स्विच. आणि पेटी झाली की दुकानाला कुलूप. मी येणार तुझ्याबरोबर."

यात नवीन काही नव्हतं. गाडी स्वतःची झाली की दोघांनी मिळून फिरायचं, हे लग्नातच ठरलं होतं. गाडी झाली, पण मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पुढे मला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोर हाती लागलं नाही, तेव्हा घराचा उंबरा ओलांडावासा वाटेना. आता चाळिशी उलटली होती. मी अजून समुद्र पाहिला नव्हता आणि माझा नवरा दर पंधरवड्याला तो पाहून येत होता. सेवेरो "बघू" म्हणाला. त्या "बघू"चा अर्थ मी "हो" असा घेतला, कारण मला तोच हवा होता.

पेटीची जागा मी आधीच ठरवली होती. सीटच्या मागे झोपायचा बर्थ आहे, त्याच्याखाली. तिथे धूळ नाही, पाणी नाही, इंजिनाची धग नाही. बर्थही मी सुताराकडून वीतभर रुंद करून घेतला आणि उशाशी एक छोटा दिवा लावला, माझ्या विणकामासाठी.

शेजारची नेमेसिया दुकानासमोर गरम आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं पेय, आणि तळलेल्या चीजच्या पोळ्या विकते. ती पेला घेऊन आली की केबिनमध्ये डोकावल्याशिवाय जात नसे.

"बर्थ रुंद केलास गं," ती म्हणाली. "म्हातारपणी मधुचंद्र का?"

"तुला जळायचं असेल तर तुझ्या शेगडीजवळ जाऊन जळ," मी म्हटलं. ती हसत गेली आणि मीही दिवसभर गालातल्या गालात हसत राहिले.

माझी कामाची एक रीत आहे. लाइनीवर काय लागणार ते कळल्याशिवाय मी फ्यूज बसवत नाही. मोठा बसवला तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते; लहान बसवला तर बिचारा सारखा उडतो. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मी एकेक गोष्ट विचारून घेते. सेवेरोलाही विचारली. दिवे झाले, वायरलेस झाला, हीटर झाला.

"बर्थजवळ अजून एक लाइन दे," तो म्हणाला.

"कशाला?"

"असू दे. मोबाइलला वगैरे."

"मोबाइलला पाच अँपिअरचा फ्यूज पुरे."

"थोडा मोठा टाक. पाणी गरम करायचं भांडं लावीन म्हणतो."

"भांडं आण, त्याच्यावर काय लिहिलंय बघते. उकळायचं असलं तर जाड वायर लागेल."

"उकळत नाही गं ते. कोमटच होतं."

हा माणूस जीभ पोळेल इतकी गरम कॉफी पितो, जरा निवली तर माझ्याकडे पेला परत सरकवतो. आणि आमच्याकडची थंडी अशी, की कोमट पाणी प्यायला हौसेने कुणी मागत नाही. पण मनात आलेली शंका मी झटकून टाकली. फिरतीवर माणसाच्या सवयी बदलतात, असं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी मी पेटी बर्थखाली बोल्टने आवळली आणि रिले तपासायला घेतले. सेवेरो पुढे बसून एकेक बटण दाबत होता. रिले लागला की टक असा आवाज येतो. दिवे, टक. हीटर, टक. मला तो आवाज आवडतो, काम फत्ते झाल्याचा.

सेवेरो मात्र बर्थकडे वळून बघायला लागला.

"ही पेटी पुढे घेता नाही येणार?"

"पुढे धूळ आहे, धग आहे. इथे काय वाईट आहे?"

"आवाज फार होतो. उशाखालीच टकटक. झोपमोड होते."

मी हातातला पाना खाली ठेवला. सेवेरोची झोप मला माहीत आहे. कार्निव्हलात आमच्या खिडकीखाली बँडवाले रात्रभर ढोल बडवतात आणि हा कूसही बदलत नाही. शिवाय दिवे लावायचे ते गाडी चालवताना. तेव्हा हा स्टिअरिंगवर असणार, बर्थवर नव्हे. माझी झोपमोड म्हणावी, तर माझं येणं याने अजून तोंडाने कबूल केलं नव्हतं.

"कुणाची झोपमोड होते, सेवेरो?"

तो बटणांकडे बघत राहिला.

"कुणाची?"

"लहान आहे ती," तो म्हणाला. "चार महिन्यांची."

मग बाकीचं आपोआप बाहेर आलं. आई चिलीतल्या आरिकाची आहे, बंदराजवळ मासे तळून विकते, मागे कुणी नाही, म्हणून दोघी याच्याबरोबर गाडीतून फिरणार आहेत. "सांगणारच होतो तुला," तो म्हणाला.

"कधी? मी बोचकं घेऊन वर चढल्यावर?"

मी पोरीचं नाव विचारलं नाही. एकदा कळलं असतं तर ते आयुष्यभर माझ्या कानात राहिलं असतं. मी दुकानात गेले, आतून कडी लावली आणि खाली बसून रडले. नवरा गेला म्हणून रडले, हे खरं. पण जास्त रडले ते त्या चार महिन्यांसाठी, कारण तसं पोर त्याच्या मांडीवर ठेवायला मला जमलं नव्हतं आणि दुसरीला जमलं होतं.

पेटी तशीच अर्धवट सोडून द्यावी, जाऊ दे त्याला जळक्या वायरी घेऊन, असंही मनात आलं. मग ते घोंगडं आठवलं, धूर विझवलेलं. मी तोंड धुतलं आणि बाहेर आले.

"भांडं आण," मी म्हटलं.

"राहू दे आता, कासिल्दा."

"आण म्हणते ना. बघितल्याशिवाय फ्यूज बसवणार नाही."

त्याने सीटखालून टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढून दिली. दुधाची बाटली बसेल एवढं गोल प्लास्टिकचं भांडं, त्यावर पिवळं बदक. मी उलटं करून आकडे वाचले. पाचाचा उडाला असता. साडेसाताचा बसवला, आणि वायर जिथे पत्र्याला घासत होती तिथे दुहेरी रबरी नळी चढवली.

मग मी पेटी पुढे नेली, ते मोठं काम होतं. सगळ्या वायरी नव्याने मापायच्या, झाकणाची फट धुळीसाठी बंद करायची. टकटक दबावी म्हणून टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून मी प्रत्येक रिलेखाली घातले. सेवेरो मदतीला आला तेव्हा त्याला म्हटलं, "तू लांब राहा, एवढंच कर."

शुक्रवारी नेमेसिया कागदी पट्ट्या, आमच्यावर उधळायला फुलांच्या पाकळ्या आणि बिअरच्या बाटल्या घेऊन हजर झाली. नवीन काही बसवलं की गाडीला बिअर शिंपडून पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, तिचा घोट द्यायचा, आणि तो नवरा-बायकोने मिळून. आम्ही चाकांवर शिंपडली. तो डावीकडून गेला, मी उजवीकडून.

"तुझं बोचकं कुठाय गं?" नेमेसियाने विचारलं.

"गिऱ्हाईक आलंय एक अडलेलं. यावेळी जमत नाही."

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातली पाकळ्यांची पिशवी गुंडाळून ठेवली.

सेवेरो किल्ली फिरवणार, तेवढ्यात मी म्हटलं, "थांब. एक बघायचं राहिलंय." मी केबिनमध्ये चढले, चपला काढल्या आणि बर्थवर आडवी झाले. एकदाच. उशीवर डोकं टेकलं, डोळे मिटले.

"दिवे लाव."

"लावले," तो पुढून म्हणाला.

"हीटर."

"लावला."

"पुन्हा बंद कर. पुन्हा लाव सगळं."

बाहेरून नेमेसियाच्या झाडूचा आवाज येत होता. केबिनमध्ये काहीच नाही.

"येतंय का ऐकू?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "झोपेल ती."