माइक चालू असेपर्यंत

गरिबांचे खटले फुकट लढणाऱ्या वकीलताईंचा कोर्टाच्या सभागृहात सत्कार होता, आणि शिवणबाई पहिल्या रांगेत अंग चोरून बसली होती. वकील मंडळाच्या सेक्रेटरींनी तिला ताईंच्या नकळत बोलावलं होतं. "ताईंनी ज्यांना उभं केलं, त्यांनीच दोन शब्द बोलावेत," ते म्हणाले, आणि तिला नाही म्हणवेना. नवऱ्याच्या मारातून लेकीला घेऊन ती पळाली, तेव्हा ताईच पाठीशी उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा दंडकच होता, अशा बाईचा पत्ता कोर्टाच्या कागदावरसुद्धा येऊ द्यायचा नाही. सेक्रेटरींना हा दंडक कुठून ठाऊक असणार!

"हॅलो, हॅलो, माइक चेक."

तिने हळूच मान वळवली. हा आवाज ती झोपेतही ओळखेल. दाराशी वायरींच्या गुंत्यात, कानाला हेडफोन लावून नवरा बसला होता. नवीन नोकरी धरलेली दिसत होती, कारण साउंडवाला मालक शेजारी उभा राहून त्याच्यावर खेकसत होता. त्याने अजून तिला पाहिलं नव्हतं. उठून जावं, तर दार त्याच्याच पाठीशी. मान खाली घालून ती देवाचं नाव घेत राहिली.

तेवढ्यात सेक्रेटरी रंगात आले.

"आपल्यात एक भगिनी बसल्यात. आज त्या गिरणीमागच्या शिवणवर्गात शिकवतात, लेक समोरच्याच पाळणाघरात! उठा हो बाई, लाजता काय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दाराशी हेडफोन कानावरून खाली आला.

शिवणबाई व्यासपीठावर चढली आणि तिने माइकवर तळवा दाबला. ताई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. कोर्टात त्याच्याशी त्यांची गाठ पडलेली होती.

"ताई, तो..."

"पाहिला. व्यासपीठामागच्या दारानं जा. पोरीला घे आणि थेट पोलीस चौकीत बस."

"तो आधी पोचला तर?"

"मी बोलत असेपर्यंत माइक सोडून उठला, तर मालक त्याला कच्चा खाईल. आरडाओरडा नको, तो थेट पोरीकडे पळेल. जा बाळा."

ताईंनी माइक हातात घेतला. "मित्रहो, आज मी जरा सविस्तर बोलणार आहे."

"अरे देवा," मागे एक म्हातारे वकील कुजबुजले, "कोर्टात तर तीन वाक्यांत आटपतात!"

मागचा जिना ती कशी उतरली, तिचं तिलाच कळलं नाही. आत जागा न मिळालेल्यांसाठी आवारात कर्णा लावला होता. त्यातून ताई सांगत होत्या, पहिला खटला, दुसरा खटला, मग कोर्टाच्या गळक्या छपराची कहाणी. तो आवाज आहे तोवर तो खुर्चीला खिळलेला, एवढंच शिवणबाईला कळत होतं. ती पळत सुटली. फाटक गेलं, छापखाना गेला. आवाज बारीक झाला, तरी होता. गिरणीच्या वळणावर ती थबकली, श्वास रोखून तिने कान दिला.

काहीच ऐकू येईना.

भाषण संपलं, की तीच लांब आली? मागे वळून बघायचा धीर झाला नाही. समोर पाळणाघराचं निळं दार होतं. ती त्यावर दोन्ही मुठींनी आपटू लागली.

"आले, आले! दार मोडाल की हो!" आतून पाळणाघराच्या मावशी ओरडल्या. "अगं, तुझी आई आलीय बघ."

शिवणबाईने लेकीला उचललं, छातीशी गच्च धरलं आणि तिच्या चपला न घालताच चौकीकडे निघाली.